जुन्या मोटारीचे कुलूप

जुनी मोटार पुन्हा उभी करायची म्हटली की लोक आधी इंजिनाची चौकशी करतात, मग रंगाची, मग गाद्यांची. दाराच्या कुलपाची पाळी सगळ्यांत शेवटी येते आणि 'हे काढून टाका, बाजारातले दुसरे बसवा' एवढ्या एका वाक्यात तो विषय संपतो. पण त्या बोटभर कुलपात आपल्याकडच्या मोटार धंद्याचा इतिहास असतो, आणि आत बसणाऱ्याच्या जिवाचा प्रश्नही असतो.

हे आज सांगण्याला कारण आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली, मूळ रूपात राखलेली मोटार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. म्हणजे व्हिंटेज मोटार ही आता केवळ राजेरजवाड्यांची गोष्ट राहिली नाही. 1974 साली रस्त्यावर आलेल्या प्रीमियर पद्मिनीने 2024 मध्ये पन्नाशी गाठली. आमचे मोहोळ पुणे-सोलापूर रस्त्यावरचे. या रस्त्याने एके काळी धावलेल्या, आता गोठ्यात कडब्याशेजारी धूळ खात पडलेल्या फियाटलाही हा मान मिळू शकतो.

आणि फियाटचे नाते तर सोलापूरशी थेट आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 सालचा, सोलापूरचा. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात तयार झाल्या पाहिजेत हा त्यांचा ध्यास. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या तिथे जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. 1953 मध्ये वालचंद गेले. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवले, की सुटे भाग आणून नुसती जुळणी करणे पुरे नाही, भागही टप्प्याटप्प्याने इथेच बनले पाहिजेत. जनरल मोटर्स आणि फोर्ड या बड्या कंपन्यांनी तेव्हा इथला गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. इटालियन बनावटीची मोटार हळूहळू देशी होत गेली. फियाट अकराशेची पुढे पद्मिनी झाली आणि या शतकाच्या आरंभापर्यंत तयार होत राहिली. मुंबईच्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला तो ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस.

एवढा इतिहास सांगितला तो अशासाठी, की जुन्या फियाटच्या दारावर जे कुलूप आहे ते कुठल्या काळातले, मुळातले की नंतर कोणी बसवलेले, हे आधी ओळखता आले पाहिजे. कुलपावर किंवा मूळ किल्लीवर कोरलेला क्रमांक, बनवणाऱ्याचा शिक्का, हे त्या गाडीचे जन्माचे दाखले असतात. कुलूप भंगारात गेले की दाखलाही गेला.

आता या कुलपाच्या पोटात काय असते ते पाहू. त्या काळच्या बहुतेक मोटारींच्या कुलपात एक फिरता गोल दांडा असतो. त्यात पितळेच्या पातळ पट्ट्या आणि त्यांना रेटणाऱ्या बारीक स्प्रिंगा असतात. योग्य किल्ली आत गेली की सगळ्या पट्ट्या दांड्याच्या कडेशी समपातळीत येतात आणि दांडा फिरतो. किल्ली काढली की पट्ट्या डोके बाहेर काढून बाजूच्या खाचेत अडकतात. पन्नास वर्षांत पट्ट्या झिजतात, किल्लीचे दातही झिजतात. मग दुसऱ्याच गाडीची झिजलेली किल्लीदेखील त्यात फिरू लागते. एका फियाटची किल्ली दुसरीला लागल्याच्या गमती जुने लोक सांगतात, त्यामागचे कारण हेच.

म्हणून कुलूप निकामी झाले म्हणजे ते सगळेच टाकायचे असे नव्हे. दाराच्या आतला पुठ्ठा काढावा, कुलूप हलक्या हाताने सोडवावे, रॉकेलमध्ये बुडवून साफ करावे. चांगला किल्लीवाला आतल्या पट्ट्या आणि स्प्रिंगा बदलून जुन्या किल्लीशी नवा मेळ बसवून देतो. बाहेरचा मूळ चेहरा तसाच राहतो. किल्ली हरवली असेल तर कुलपावरूनच कानशीने नवी घासता येते. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या कारागिराच्या हातात ही विद्या आहे. नव्या मोटारींच्या किल्ल्या आता चिपच्या झाल्या. त्या हातांना काम मिळाले नाही तर ही विद्याही मोडीत निघेल.

मात्र कुलूप वेगळे आणि दार धरून ठेवणारा खटका, म्हणजे लॅच, वेगळा. कुलूप बाहेरच्या चोराला अडवते; लॅच आतल्या माणसाला आत ठेवतो. पूर्वी लॅचकडे कोणी फारसे पाहत नसे. पहिल्या महायुद्धाच्या काळात विमान अपघातातून वाचलेले ह्यू डीहेवन यांनी पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मोटार अपघातांचा अभ्यास केला. धडक बसली की दार उघडते, माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच्या मरणाची शक्यता कितीतरी वाढते, हे या अभ्यासातून पुढे आले. त्यानंतर फोर्डने 1956 च्या मोटारींत दुहेरी पकडीचे लॅच दिले, आणि 1968 पासून तिकडे दारांच्या लॅचला कायद्याचे मानक लागू झाले.

आपल्याकडची 'डुक्कर फियाट' आठवा. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या अंगाला होत्या. चालत्या गाडीत असे दार सुटले तर समोरचा वारा ते ओढून सताड उघडतो. तेव्हा कुलपाच्या बाबतीत जितके हळवे व्हायचे तितके व्हावे, लॅचच्या बाबतीत नाही. झिजलेला लॅच आणि खांबावरची त्याची पट्टी बदलायलाच हवी. मिळाली तर त्याच बनावटीची, नाहीतर मजबूत दुसरी. त्याआधी उघडे दार हाताने उचलून पाहावे. ते खालीवर हलले तर दोष बिजागरीच्या पिनेत आहे; ती नीट केल्याशिवाय नवा लॅचही बसणार नाही. आणि सगळे जोडून झाले की दार लगेच आपटू नये. आधी उघड्या दाराचा लॅच पेचकसाने मिटवावा आणि हँडलने तो सुटतो का ते पाहावे. सुटला नाही आणि दार लागले, तर पुन्हा उघडायला निम्मी गाडी खोलावी लागते.

काढलेले जुने भाग फेकू नका. चिठ्ठी लावून एका डब्यात घालून ठेवा. उद्या ती मोटार ज्याच्या हाती जाईल त्याला कळले पाहिजे, की तिच्यात मूळचे काय होते, आपण काय बदलले आणि का बदलले.