मातीचे शिपाई व त्यांचीं शस्त्रें

गेल्या दिवाळींत शिरूर व दौंड येथील बाजारांत किल्ल्यावर मांडावयाचीं चित्रें आम्हीं पाहिलीं. शिवकालीन मावळा म्हणून विकल्या जाणाऱ्या एका चित्राच्या हातीं संगीन लावलेली बंदूक होती. एवढ्याशा खेळण्याचा विचार येथें कां करावा, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, इतिहासाचा पहिला पाठ मूल हातांनीं शिकतें. पुस्तक मागाहून येतें.

प्रथम मावळ्याविषयीं. शिवकालीं पायदळाची बंदूक तोड्याची असे; जळता तोडा रंजकेस लागला म्हणजे बार होई. नळीच्या बाहेरून बसणारी संगीन युरोपांतही सतराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तेव्हां १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगीं ती असणें संभवत नाहीं. त्या प्रसंगीं जिवा महालाजवळ पट्टा, फिरंग व ढाल असल्याचें सभासद सांगतो. चित्रांत मात्र सर्वांच्या हातीं एकच वांकडी तलवार!

संगिनीचें खरें स्थान दाखविणारी लढाई याच शिरूर तालुक्यांत झाली. ३१ डिसेंबर १८१७ रोजीं रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन शिरूरच्या छावणींतून निघाला व दुसरे दिवशीं कोरेगांव येथें पेशव्याच्या फौजेशीं त्याची गांठ पडली. त्याजकडे सुमारें ५०० पायदळ, सुमारें ३०० स्वार व सहा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा होत्या. पलटणींतील महारादि शिपायांजवळ चकमकीच्या चापाची संगीनदार बंदूक. समोरच्या अरबांजवळ लांब नळीची तोड्याची बंदूक व जंबिया. अग्निपुराणांत शस्त्रांचे यंत्रमुक्त, अमुक्त इत्यादि भेद केले आहेत. संगीनदार बंदूक एकटीच दोन्हीं होते. गांवच्या बोळांत बंदूक पुनः भरण्यास अवकाश नसतां तीच बरची बनते. हा भेद पुसला म्हणजे गेलेली तोफ परत कशी घेतली गेली, गांव दिवसभर कसें लढविलें गेलें, याचा उलगडा होत नाहीं; उरते ती केवळ डोक्यांची मोजणी.

दोष कुंभाराचा नाहीं. मिळाला त्या सांच्यांतून तो चित्र काढतो. दोष आम्हां शिक्षकांचा. इतकीं वर्षें इतिहास शिकवून आम्हीं मुलांस तोडा व चकमक यांतील भेद एकदांही दाखविला नाहीं. पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जुनीं शस्त्रें पाहावयास मिळतात. प्रत्येक शाळेनें त्यांवरून एकेक रेखाचित्र काढून दिवाळीपूर्वीं गांवच्या कुंभारास द्यावें. कोरेगांवीं पडलेल्यांविषयीं आज वाद पुष्कळ होतात. परंतु मृताच्या हातीं त्याचेंच शस्त्र असावें, याविषयीं तरी दुमत नसावें.