डालड्याचा डबा आणि आपले हृदय

"डॉक्टर, कोणतं तेल चांगलं?"

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न हाच येतो. शेंगदाणा की सूर्यफूल? करडई की राइस ब्रॅन? तूप बंद करू का? घाण्याचं तेल आणू का? प्रश्न रास्त आहे. पण तेलाच्या नावात आपण जे शोधतो ते बहुतेक वेळा तिथे नसते. हे पटावे म्हणून आज औषधांऐवजी थोडा इतिहास सांगतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या स्निग्ध पदार्थांची ही साधारण शंभर वर्षांची गोष्ट आहे. ती वाचल्यावर वरच्या प्रश्नाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल, अशी मला आशा आहे.

डब्याच्या आधी

तुमच्या आजी-पणजीच्या काळी तेल गावातच निघत असे. तेली बैलाच्या घाण्यावर शेंगदाणे, तीळ, करडई, जवस गाळायचा. कोकणात आणि गोव्यात खोबरेल तेल स्वयंपाकात होतेच. तूप म्हणजे लोणी कढवून केलेले तूप. ते महाग होते आणि अनेक घरांत वरणभातावर थेंबभर किंवा सणापुरतेच येई. तळणही रोजचे नव्हते. करंज्या, अनारसे, पुऱ्या यांना निमित्त लागायचे.

हा काळ फार निरोगी होता असे समजू नका. कुपोषण आणि साथीचे रोग यांनी माणसे तरुणपणीच जात. पण एक गोष्ट खरी: स्निग्ध पदार्थ महाग असल्यामुळे ते जपून वापरण्याची सवय घरोघरी होती. ही सवय लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडेच परत यायचे आहे.

तेल घट्ट कसे झाले?

तेल पातळ आणि तूप घट्ट का असते? मोळीचे उदाहरण घ्या. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधली जाते, वाकड्या काटक्यांच्या मोळीत फटी राहतात. तेलातील स्निग्धाम्लांचे रेणू बरेचसे वाकडे असतात, ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहते. तुपातील बरेच रेणू सरळ असतात, म्हणून ते थिजते.

पॉल साबातिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने निकेल धातूच्या मदतीने हायड्रोजन वायू दुसऱ्या पदार्थांशी जोडण्याची पद्धत शोधली. त्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तीच युक्ती विल्हेल्म नॉर्मन या जर्मन शास्त्रज्ञाने पातळ तेलावर वापरली आणि १९०२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तेल तापवायचे, त्यात निकेलची पूड घालायची आणि हायड्रोजन सोडायचा, की तेल घट्ट होते. १९११ मध्ये अमेरिकेत सरकीच्या तेलापासून बनवलेले 'क्रिस्को' बाजारात आले. ते पांढरेशुभ्र, स्वस्त आणि महिनोन्‌महिने न खवटणारे होते.

या प्रक्रियेत मात्र आणखी काही घडत होते. हायड्रोजन अर्धवट जोडला गेला की काही वाकडे रेणू तसेच सरळ होऊन बसतात. रासायनिकदृष्ट्या ते तेलाचेच, पण आकाराने तुपासारखे. यांनाच आपण आज ट्रान्स फॅट म्हणतो. पुढची अनेक दशके याची फारशी चिंता कुणी केली नाही. पदार्थ पांढरा आहे, टिकतो आहे, स्वस्त आहे, एवढे लोकांना पुरेसे होते.

पिवळा डबा भारतात येतो

पहिल्या महायुद्धानंतर असे घट्ट केलेले तेल हॉलंडहून भारतात येऊ लागले. मग इथेच कारखाने निघाले. लिव्हर ब्रदर्सच्या हिंदुस्थान वनस्पती कंपनीचा कारखाना मुंबईत शिवडीला उभा राहिला आणि १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव बाजारात आले. आधीच्या आयातदाराच्या 'डाडा' या नावात लिव्हरचा 'ल' घालून ते तयार झाले, असे सांगतात.

जाहिरातही जोरदार झाली. सिनेमागृहात छोटे चित्रपट दाखवले गेले, डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यावर फिरली, ठिकठिकाणी पदार्थ तळून लोकांना चाखायला दिले गेले. पिवळ्या डब्यावरचे हिरवे ताडाचे झाड पुढे इतके ओळखीचे झाले की सगळ्याच वनस्पती तुपाला लोक 'डालडा' म्हणू लागले. चाळीतल्या कितीतरी खिडक्यांत रिकाम्या डब्यांत तुळस लागली. 'तूप' म्हटले की 'साजूक की डालडा?' हा प्रश्न येऊ लागला. चिरोट्यांचा साठा, शंकरपाळ्यांचे मोहन, लग्नाच्या पंगतीतली बुंदी यांत डालडा शिरला. बेकरीतली खारी आणि नानकटाई तर त्याच्यावरच उभी राहिली.

याला नावे ठेवण्याआधी त्या गृहिणीची बाजूही पाहायला हवी. साजूक तूप परवडत नसे, आणि मुलांच्या ताटात सणाला काहीतरी खुसखुशीत पडावे ही तिची साधी इच्छा होती. सरकारने वनस्पती तुपात 'अ' जीवनसत्त्व मिसळणे सक्तीचे केले होते. त्यामुळे 'पौष्टिक' ही ओळखही त्याला चिकटली. तिने आपल्याकडून घरच्यांसाठी चांगलेच निवडले होते.

विरोध झाला, पण वेगळ्या कारणाने

विरोध झालाच नाही असे नाही. महात्मा गांधींनी 'हरिजन'मधून वनस्पती तुपाविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर संसदेतही बंदीची मागणी झाली. पण मुख्य तक्रार भेसळीची होती. साजूक तुपात डालडा मिसळला तर ओळखायचे कसे?

यावर निघालेला उपाय मोठा हुशारीचा होता. वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने बंधनकारक झाले. तिळाच्या तेलाचा एक गुण असा, की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडी साखर घालून हलवले की लालसर रंग येतो. साजूक म्हणून विकलेल्या तुपात हा रंग दिसला की भेसळ पकडली जायची.

म्हणजे साजूक तुपात डालडा आहे का, हे शोधण्याची व्यवस्था आपण केली. डालड्यात काय आहे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

उत्तर यायला लागलेली वर्षे

अमेरिकेत फ्रेड कुमेरो या संशोधकाने १९५७ मध्येच दाखवले होते की कारखान्यातले ट्रान्स फॅट माणसाच्या शरीरात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतसुद्धा साठते. त्यांचे फारसे कुणी ऐकले नाही. त्या काळी सगळे लक्ष लोणी आणि तुपावर होते. 'प्राणिज चरबी वाईट, वनस्पतीची चांगली' अशी सोपी विभागणी झाली होती आणि डालडा नावानेच 'वनस्पती' होता!

चित्र बदलले ते १९९० मध्ये. हॉलंडमधील मेन्सिंक आणि काटान या दोन संशोधकांनी ५९ निरोगी स्त्री-पुरुषांना तीन-तीन आठवडे वेगवेगळा आहार दिला. ज्या आहारात ट्रान्स फॅट होते त्यात वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढले आणि चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी झाले. साजूक तुपासारख्या संपृक्त चरबीने एलडीएल वाढते, पण एचडीएल असे घसरत नाही. ट्रान्स फॅट दोन्हीकडून मारते. ज्या देशातून हा पदार्थ आपल्याकडे आला, त्याच देशात त्याचे खरे रूप उघडे पडले.

१९९३ मध्ये अमेरिकेतील सुमारे ८५,००० परिचारिकांच्या आठ वर्षांच्या पाहणीत ट्रान्स फॅट अधिक खाणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार अधिक आढळला. २००६ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. दिवसभरातील उष्मांकांपैकी दोन टक्के जरी ट्रान्स फॅटमधून आले, तरी हृदयविकाराचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी जास्त दिसले. रोजच्या २००० उष्मांकांत दोन टक्के म्हणजे फक्त साडेचार ग्रॅम, एक छोटा चमचा.

डेन्मार्कने २००३ मध्ये जगात प्रथम कडक मर्यादा घातली: १०० ग्रॅम स्निग्ध पदार्थात २ ग्रॅमपेक्षा जास्त कारखानी ट्रान्स फॅट नको. कुमेरो यांनी २०१३ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनावर दावा ठोकला. २०१५ मध्ये तिथेही अर्धवट हायड्रोजन जोडलेल्या तेलांना बाहेरचा रस्ता दाखवला गेला. १०२ वर्षांचे होऊन २०१७ मध्ये ते वारले, पण आपले म्हणणे खरे ठरलेले त्यांनी पाहिले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना ट्रान्स फॅट हद्दपार करण्याचे आवाहन केले. भारतात ही मर्यादा जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के झाली.

१९३७ ते २०२२ म्हणजे पंच्याऐंशी वर्षे झाली. एवढ्या काळात तीन पिढ्यांनी त्यात तळलेले फराळ खाल्ले.

डबा गेला, सवय राहिली

मग आता सुटलो का? अर्धेच.

मधल्या काळात डालड्याची जागा रिफाइंड तेलाने घेतली. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि तेल पूर्वीपेक्षा सहज मिळू लागले. तळण सणापुरते राहिले नाही. वडे, भजी, फरसाण, चिवडा रोजच्या चहाबरोबर आले. पणजीच्या काळची जपून वापरायची सवय डब्याबरोबरच गेली, आणि त्याबद्दल आपण कधी बोललोही नाही.

आता गाडी उलट्या दिशेने धावते आहे. 'डालडा वाईट ठरला, म्हणजे साजूक तूप कितीही खा' असे संदेश मोबाइलवर फिरतात. साजूक तुपात साठ टक्क्यांहून अधिक संपृक्त चरबी असते. गरम भातावर एक छोटा चमचा तूप जरूर घ्या, पण ते औषध समजून वाटीने पिऊ नका. घाण्याच्या तेलाचेही तेच. त्याचा वास आणि चव छान असते, पण उष्मांक तेवढेच असतात.

या इतिहासातून मला एकच गोष्ट तुमच्यापर्यंत पोचवायची आहे. डब्यावरचे नाव, रंग, जाहिरात किंवा 'वनस्पती', 'शुद्ध', 'हार्ट'सारखे शब्द पाहून निश्चिंत होऊ नका. 'कोणते तेल?' याआधी तीन प्रश्न विचारा: किती? कितीदा तापवलेले? आणि घराबाहेर काय?

किती? बैठे काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला तेल, तूप, लोणी मिळून चार ते पाच छोटे चमचे पुरतात. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला साधारण तीन किलो. या महिन्यात पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. महिनाअखेरीस हिशेब आपोआप समोर येईल. फोडणीला बुधली तिरकी करण्याऐवजी चमच्याने मोजून तेल घाला. ही सवय लागायला दोन-तीन आठवडे लागतात, चवीत फार फरक पडत नाही.

कितीदा तापवलेले? तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक तयार होत जातात. हॉटेलांसाठीही याची मर्यादा जुलै २०१८ पासून कायद्याने ठरलेली आहे. घरी कढईत कमीच तेल घ्या. उरलेले गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळायला वापरू नका. काळे पडलेले, फेस येणारे, धुरकट वासाचे तेल टाकून द्या. ते टाकताना जीव हळहळतो, हे मला माहीत आहे. पण ते पोटात घालणे जास्त महाग पडते.

घराबाहेर काय? पुड्यावरची घटकांची यादी वाचा. 'हायड्रोजनेटेड', 'वनस्पती', 'मार्गारिन', 'शॉर्टनिंग' यांपैकी शब्द दिसला तर तो पुडा रोजच्या खाण्यात नको. ट्रान्स फॅट शून्य लिहिले असेल तरी संपृक्त चरबीचा आकडा पाहा. सुटी खारी, टोस्ट, नानकटाई यांवर यादीच नसते, तेव्हा ती रोज चहाबरोबर न घेता कधीमधी घ्या. रोजच्यासाठी मूठभर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे किंवा एखादे फळ चांगले.

दिवाळीत करंज्या जरूर करा. सणाचे तळण सणाला खाल्ल्याने निरोगी माणसाचे फारसे बिघडत नाही, बिघडते ते रोजचा दिवस सण झाल्याने. तुम्हाला हृदयविकार, मधुमेह किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असेल, तर तेल-तुपाचे प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि तेल बदलले म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी आपणहून बंद करू नका.