भर घातल्याने उंची मिळत नाही

बाळंतपणानंतर किंवा वजन बरेच घटल्यावर स्तन ओघळले आणि रिते झाले, की सल्ला विचारणाऱ्या बाईला हल्ली एक ठरलेले उत्तर ऐकायला मिळते: ‘इम्प्लांट बसवून घे. स्तन भरले की आपोआप वर येतात. लिफ्टच्या भानगडीत पडू नकोस, त्यात व्रण फार.’ मैत्रिणी हे सांगतात, जाहिराती हेच सुचवतात आणि काही सर्जनही त्याला मान डोलावतात. हे मत काही मोजक्या स्त्रियांच्या बाबतीत खरे आहे. सर्वांसाठीचा नियम म्हणून ते टिकत नाही. स्तनाचे आकारमान हा एक प्रश्न आहे, स्तनाची जागा हा दुसरा; आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या माथी मारण्यात या मताची सगळी चूक आहे.

खंडनापूर्वी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. त्याचे तीन युक्तिवाद आहेत. पहिला असा, की ओघळण्याचे मूळ रितेपणात आहे: दूध आटल्यावर ग्रंथी आकसतात, चरबी घटते, त्वचा तेवढीच राहते, मग आतली पोकळी भरली की त्वचा ताणून बसणारच. दुसरा व्रणांचा. इम्प्लांट स्तनाखालच्या घडीत चार-पाच सेंटिमीटरची चीर घेऊन बसवता येते. लिफ्टमध्ये, म्हणजे ओघळलेला स्तन उचलून जागेवर आणण्याच्या शस्त्रक्रियेत, मात्र स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने, तिथून सरळ खाली आणि गरज पडल्यास घडीतून आडवे असे टाके येतात. शिवाय सावळ्या त्वचेत व्रण जाड होण्याची, कीलॉइड होण्याची शक्यता अधिक. तिसरा युक्तिवाद असा, की नुसत्या लिफ्टने स्तनाचा वरचा भाग भरत नाही, म्हणजे शेवटी इम्प्लांट लागणारच. यातले एकही विधान निखालस खोटे नाही. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

पहिला युक्तिवाद शरीररचनेपाशी अडतो. स्तनाला सावरून धरते ती त्वचा आणि आतल्या तंतूंचे जाळे. लंडनचे सर्जन अॅस्टली कूपर यांनी 1840 मध्ये स्तनाच्या रचनेवरील ग्रंथात या तंतूंचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. हे तंतू आणि त्वचा एकदा ताणली गेली की पूर्ववत आखडत नाहीत. किती ओघळ झाला हे नजरेच्या अंदाजाने ठरवायचे नसते. पॉल रेन्यो या कॅनडातल्या प्लास्टिक सर्जनने 1976 मध्ये त्याची प्रतवारी लावून दिली, आणि तिचा मापदंड आहे स्तनाखालची घडी. स्तनाग्र घडीच्या पातळीवर किंवा जेमतेम एक सेंटिमीटर खाली असेल तर पहिली प्रत. एक ते तीन सेंटिमीटर खाली उतरले तर दुसरी. त्याहून खाली जाऊन स्तनाग्र जमिनीकडे वळले तर तिसरी. चौथा प्रकार फसवा ओघळ: स्तनाग्र घडीच्या वरच असते, फक्त खालचा भाग लोंबतो.

घडीला एवढे महत्त्व का? कारण ती छातीच्या भिंतीला घट्ट धरलेली असते आणि इम्प्लांटचा तळ तिच्यावर बसतो. स्तनाची ग्रंथी घडीखाली उतरली असेल, तर मागे बसवलेले इम्प्लांट वर राहते आणि मूळचा स्तन त्यावरून खाली घसरलेला दिसतो. सर्जन या विकृतीला ‘वॉटरफॉल’ म्हणतात. ती टाळायला मोठे इम्प्लांट घेतले, घडी खाली उतरवली, तर काही महिन्यांनी इम्प्लांट स्वतःच खाली सरकण्याचा धोका वाढतो. वजनाचा हिशेबही साधा आहे. 300 सीसीचे सिलिकॉन जेलचे इम्प्लांट सुमारे 300 ग्रॅम भरते, आणि एवढे वजन प्रत्येक बाजूच्या आधीच हरलेल्या त्वचेवर रात्रंदिवस राहते. सैल पडलेल्या पिशवीत आणखी सामान भरल्याने पिशवी आखूड होत नाही.

पूर्वपक्षाचे खरे तेवढे मात्र मान्य केले पाहिजे. ओघळ फसवा असेल, किंवा पहिल्या प्रतीचा असून त्वचेत तग असेल, तर नुसते इम्प्लांट पुरते. जॉन टेबेट्स यांनी 2001 मध्ये मांडलेल्या ‘ड्युअल प्लेन’ पद्धतीत इम्प्लांटचा वरचा भाग छातीच्या स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथीखाली राहतो; त्यामुळे सौम्य ओघळ बऱ्यापैकी झाकला जातो. अशा बाईवर लिफ्टचे टाके लादणे हाही अन्यायच. पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीच्या ओघळाला हेच उत्तर देणे म्हणजे अपवादाचा नियम करणे.

आता व्रण. व्रण राहतात. वर्ष-दीड वर्षात ते फिके पडतात, पण पुसले जात नाहीत. हे लपवणारा सर्जन विश्वासाचा नाही. तरी ‘व्रण हवा की नको’ एवढीच निवड समोर आहे असे भासवणे बरोबर नाही. नुसते इम्प्लांट जिथे फसते तिथे पुढे लिफ्ट करावीच लागते, आणि तोवर त्वचा आणखी ताणलेली व पातळ झालेली असते. चुकवलेला व्रण मग अवघड शस्त्रक्रियेसह परत येतो. व्रण आखूड ठेवण्याच्या हट्टाचीही किंमत असते. पॅरिसचे लुई बेनेली यांनी 1990 मध्ये मांडलेली, केवळ वर्तुळाकार टाक्याची लिफ्ट सौम्य ओघळाला उत्तम. मोठ्या ओघळावर तीच रेटली तर स्तन चपटा होतो आणि वर्तुळ पसरते. टाक्यांची लांबी ओघळाच्या मापाने ठरावी, बाईच्या धास्तीने किंवा सर्जनच्या सोयीने नव्हे. आणि ज्या बाईच्या अंगावर आधीच कीलॉइडची खूण आहे, तिच्यासाठी कदाचित ‘शस्त्रक्रियाच नको’ हे योग्य उत्तर असेल. ‘म्हणून इम्प्लांट’ हे त्यातून निघत नाही.

तिसरा युक्तिवाद वरच्या भरावाचा. लिफ्टने वरचा भाग फुगत नाही, हे खरे. पण तो फुगलेला हवा आहे, हे गृहीत कुणी धरले? बाईने साधी, पॅड नसलेली ब्रा घालून आरशात पाहावे. त्या आधाराने दिसणारा आकार तिला पुरेसा वाटत असेल, तर तिच्याकडे ऊतक पुरेसे आहे, फक्त जागेवर नाही. तिला लिफ्ट हवी, इम्प्लांट नको. ब्रामध्येही स्तन रिकामे वाटत असतील तर इम्प्लांटचा विचार सुरू होतो.

तो विचार हलका नाही. इम्प्लांट आयुष्यभर पुरणारी वस्तू नाही. अमेरिकेच्या औषध व उपकरण नियामक एफडीएने 2011 मध्ये सांगितले, की आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या दर पाच स्त्रियांपैकी एकीला ते 10 वर्षांच्या आत काढावे लागते. 2019 मध्ये लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराशी असलेल्या संबंधामुळे अॅलर्गन कंपनीची खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट्स जगभरातून मागे घेतली गेली. 2021 मध्ये एफडीएने इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा सक्तीचा केला आणि सिलिकॉन इम्प्लांट असलेल्या बाईने पाच-सहा वर्षांनी पहिली, मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी असे सुचवले. मॅमोग्राफीतही इम्प्लांट मागे सारून जास्तीच्या प्रतिमा घ्याव्या लागतात. लिफ्टही कायमची नसते. वय आणि गुरुत्वाकर्षण आपले काम करत राहतात. पण तिच्यामागे शरीरात एखादे उपकरण राहत नाही आणि त्याची राखणही करावी लागत नाही.

यावर काहीजण दुसऱ्या टोकाला जातात: दोन्ही एकदमच करून टाका. दोन्हींची गरज असते तिथे हे करता येते, आणि कुशल हातांनी चांगलेही होते. पण या जोडीत एक शस्त्रक्रिया त्वचा आवळते आणि दुसरी तीच त्वचा आतून ताणते. स्तनाग्राचा रक्तपुरवठा दोन्हीकडून ओढाताणीत सापडतो. स्कॉट स्पिअर यांच्यासारख्या अनुभवी अमेरिकी सर्जनने 2003 मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना याच जोडीबाबत जाहीर सावधगिरीचा इशारा दिला होता. ओघळ मोठा असेल तर आधी लिफ्ट, काही महिन्यांनी गरज उरलीच तर इम्प्लांट, हा क्रम अनेकदा शहाणपणाचा ठरतो. लिफ्टनंतर इम्प्लांटची इच्छाच न उरण्याचाही संभव असतो.

एक समज जाता जाता दूर केला पाहिजे. ‘अंगावर पाजल्याने ओघळतात’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. अमेरिकेतल्या केंटकीत ब्रायन रिंकर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्तनपानाचा ओघळण्याशी संबंध आढळला नाही. आढळला तो वय, वजन, गरोदरपणांची संख्या, मूळचा मोठा आकार आणि धूम्रपान यांच्याशी. म्हणून मुलांचा विचार पूर्ण होईपर्यंत आणि वजन स्थिरावेपर्यंत यातली कोणतीही शस्त्रक्रिया थांबू शकते. धूम्रपान मात्र आधी थांबले पाहिजे, कारण निकोटिन त्वचेचा रक्तपुरवठाच कमी करते.

तेव्हा सिद्धान्त असा. आधी स्तनाग्र आणि घडी यांचे अंतर मोजा. त्यावरून लिफ्ट हवी की नको ते ठरते. मग ब्रामधले आकारमान पाहा; त्यावरून इम्प्लांटचे ठरते. या दोन उत्तरांतून इम्प्लांट, लिफ्ट, दोन्ही किंवा काहीच नाही, अशा चार वाटा निघतात आणि चारही तितक्याच सन्मानाच्या आहेत. ‘ऑपरेशन टेबलावर बघून ठरवू’ असे कुणी म्हणाले तर थांबा. 2008 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की एका शस्त्रक्रियेची संमती ही दुसऱ्या शस्त्रक्रियेची संमती होत नाही आणि पर्याय व धोके सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे. खर्चही आधीच विचारात घ्या: सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. पुढच्या तपासण्या आणि इम्प्लांट बदलण्याचा खर्चही आपलाच. आपला ओघळ कितव्या प्रतीचा आहे हे न मोजताच जो सर्जन इम्प्लांटचा आकार निवडायला सांगतो, त्याच्याकडून उठून दुसऱ्याचे मत घ्यावे.