कवडशातील कण आणि सूक्ष्मदर्शक

छपराच्या फटीतून अंधाऱ्या खोलीत कवडसा उतरला, की एरवी न दिसणारे धूलिकण लखलखू लागतात. त्यांचा आकार सांगता येत नाही. अस्तित्व मात्र कळते. सूक्ष्मदर्शनाच्या इतिहासातील एका मोठ्या विजयाचे बीज याच अनुभवात आहे.

१८७३ साली जर्मनीतील येना येथे एर्न्स्ट आबे यांनी सूक्ष्मदर्शकाची मर्यादा गणिताने ठरविली. प्रकाशलहरीच्या सुमारे निम्म्या लांबीहून जवळ असलेले दोन बिंदू भिंगातून वेगळे दिसू शकत नाहीत. हे अंतर सुमारे २०० नॅनोमीटर. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. बहुतेक विषाणू त्याहून लहान असतात.

परंतु हा नियम दोन बिंदू वेगळे ओळखण्याविषयी होता. एकट्या बिंदूची चाहूल घेण्याविषयी नव्हता. हा भेद रिचर्ड झिग्मोंडी यांनी कामी आणला. तांबड्या काचेला रंग देणारे सोने विरघळलेले असते की कणरूपाने विखुरलेले, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. १९०३ च्या सुमारास त्यांनी झाइस कारखान्यातील हेन्री सीडेनटोप्फ यांच्यासह प्रखर प्रकाशझोत बाजूने सोडणारा अतिसूक्ष्मदर्शक सिद्ध केला. काळ्या पार्श्वभूमीवर सोन्याचे कण ताऱ्यांसारखे चमकले. झिग्मोंडी यांना १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

तरी एक अडचण उरलीच. कणाचा व्यास निम्मा झाला, की त्याने विखुरलेला प्रकाश चौसष्टांश होतो. विषाणू तर सोन्याहून कितीतरी मंद. १९३० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने विषाणूंचे रूप दाखविले; पण त्यासाठी ते निर्वातात ठेवावे लागत, मग त्यांची हालचाल कशी दिसावी? चमकणारे रंगद्रव्य जोडले, तर ते काही वेळाने निस्तेज होई.

उपाय लहरींच्या मिलाफात सापडला. कणाकडून आलेला मंद प्रकाश काचेवरून परतणाऱ्या प्रकाशात मिसळू दिला, तर व्यास निम्मा होऊनही खूण अष्टमांश उरते. झुरिक येथे वाहिद संदोगदार यांच्या गटाने २००४ मध्ये ५ नॅनोमीटरचे सुवर्णकण असे टिपले आणि २००७ मध्ये रंगद्रव्याविना एकेका विषाणूचा माग काढला. २०१८ मध्ये ऑक्सफर्ड येथे फिलिप कुकुरा यांच्या गटाने याच खुणेवरून एकेका प्रथिनरेणूचे वस्तुमान मोजले. द्रवात कण किती चंचल, यावरून त्याचा आकार कळतो; तेज आणि चांचल्य मिळून त्याची ओळख पटते.

आबे यांचा नियम आजही अबाधित आहे. अभ्यासकांनी तो मोडला नाही. तो नेमके काय नाकारतो, एवढेच त्यांनी नीट वाचले.