तोफ बदलायची की रणगाडा?

ग्राफिक्स कार्ड कधी बदलायचं, असं यूट्यूबला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: आत्ता. नवी सिरीज आली की आत्ता, दिवाळीचा सेल लागला की आत्ता, आणि जुनं अजून चालतंय म्हटलं तर ‘किंमत मिळतेय तोवर विकून टाक’ म्हणून परत आत्ताच. मी नगरला राहतो (कागदोपत्री २०२४पासून अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच). माझ्या टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये २०१७ साली घेतलेलं जीटीएक्स १०६० आहे, ६ जीबीवालं. सोबत सहाव्या पिढीचा आय-५ आणि ४५० वॉटचा एसएमपीएस. बाजूला ३० हजार रुपये साठलेत. त्याच पैशांवर नेवासा तालुक्यातल्या आमच्या विहिरीवरच्या मोटरचाही डोळा आहे, कारण ती यंदा दोनदा जळाली. त्यामुळे ‘आत्ता’ हे उत्तर मला परवडणारं नाही. हा प्रश्न जरा जुन्या लोकांना विचारून बघू म्हटलं. जुने लोक म्हणजे रणगाडेवाले.

नगरकरांना रणगाड्यांचं फारसं अप्रूप नसतं. लष्कराच्या आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल इथेच आहे, के. के. रेंजच्या आसपासच्या गावांना तोफांचा आवाज सवयीचा आहे, आणि निजामशाहीतल्या फराहबागेजवळ १९९४पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत आपण सगळेच तिथे जाऊन येतो, फोटो काढतो आणि विसरतो. मला मात्र तिथला सेंच्युरियन लक्षात राहिला. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ खेळणाऱ्यांना तो वेगळा सांगायला नको.

सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा १९४५मध्ये आला, तेव्हा त्यावर १७ पाउंडर तोफ होती, म्हणजे ७६ मिलिमीटरची. पुढे तीच जागा २० पाउंडरने घेतली, म्हणजे ८४ मिलिमीटर. ही तोफ चांगली होती, कोरियाच्या युद्धात रणगाड्याचं नावही झालं. १९५६ साली हंगेरीत सोव्हिएत सत्तेविरुद्ध उठाव झाला, आणि त्या धामधुमीत एक सोव्हिएत टी-५४ रणगाडा बुडापेस्टमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या आवारात आणला गेला. ब्रिटिशांनी तो घाईघाईने तपासला, चिलखताचा अंदाज घेतला, आणि आपली २० पाउंडर याला पुरी पडणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून १०५ मिलिमीटरच्या एल-७ तोफेला जोर मिळाला, आणि १९५९पासून ती सेंच्युरियनवर चढू लागली.

इथे दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे २० पाउंडर त्या दिवशी बिघडली नव्हती. आदल्या दिवशी जितक्या जोरात गोळा फेकायची तितक्याच जोरात त्या दिवशीही फेकत होती, फक्त समोरचं चिलखत जाड निघालं. दुसरी गोष्ट म्हणजे नवी तोफ मुद्दामच जुन्या तोफेच्या बैठकीत बसेल अशी केली होती, म्हणजे बुरूज फार न तोडता बदलता यावी. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट आपण गृहीत धरतो, पण त्यामागचा विचार हाच आहे. पीसीआय एक्सप्रेसचं नवं कार्ड जुन्या बोर्डात बसतं, जरा हळू चालेल, पण बसतं.

तोफ बदलली, तरी ब्रिटिश सेंच्युरियनचं इंजिन तेच राहिलं: मीटिऑर नावाचं ६५० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचं भावंड. ते पेट्रोल प्यायचंही तसंच. इस्रायलने पुढे आपल्या सेंच्युरियनवर एल-७ तर लावलीच, शिवाय अमेरिकन डिझेल इंजिनही बसवलं. सांगाडा तोच, तोफ वेगळी, इंजिन वेगळं. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅबिनेट तेच, कार्ड बदललं आणि सोबत एसएमपीएससुद्धा.

मग ज्याच्याकडे सगळ्यात नवं, तो जिंकतो का? सप्टेंबर १९६५मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला ही परीक्षा झाली. पाकिस्तानकडे अमेरिकन पॅटन होते. त्यांत अंतर मोजायचं यंत्र होतं, नेमाचं गणित करणारा यांत्रिक संगणक होता. आपल्याकडे थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, तेही २० पाउंडरवालेच, डेक्कन हॉर्सचे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन, आणि एट्थ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३. उसाच्या शेतात पाणी सोडलं होतं. ओल्या उसात बैलगाडी रुतली तर काय हाल होतात हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको, तिथे पन्नास टनांच्या आसपासचा पॅटन होता. पाकिस्तानने तिथे नव्वदहून अधिक रणगाडे गमावले. जमीन, डावपेच आणि माणसं हे सगळं त्यात होतं, नुसत्या तोफांनी ती लढाई झाली नाही. पण यंत्रातली किमती सोय वापरता येण्याजोगी परिस्थितीच नसेल, तर तिचे पैसे वाया गेले एवढं त्यातून नक्की दिसतं. माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, १०८०पी आहे. दोनशे फ्रेम काढणारं कार्ड त्याला लावणं म्हणजे उसात पॅटन घालणंच.

आता कार्डांकडे. हा इतिहास लहान आहे, पण त्यातला एक तुकडा माझ्या कामाचा आहे. २००४च्या वसंतात दोन तगडी कार्डं थोड्याच अंतराने बाजारात आली: एनव्हिडियाचं जीफोर्स ६८०० आणि एटीआयचं एक्स ८००. वेगात दोन्ही तोडीस तोड. फरक एवढाच की ६८००मध्ये शेडर मॉडेल ३.० होतं, एक्स ८००मध्ये नव्हतं. तेव्हा त्याची गरज असलेला गेम जवळजवळ नव्हताच, त्यामुळे ‘कशाला हवंय’ म्हणणारे चुकीचं बोलत नव्हते. ऑगस्ट २००७मध्ये बायोशॉक आला आणि त्याने शेडर मॉडेल ३.० सक्तीचं केलं. एक्स ८००वाल्यांचा गेम सुरूच होईना. सेटिंग्ज लो करून काही उपयोग नव्हता.

रे ट्रेसिंगचं अगदी हेच झालं. २०१८मध्ये आरटीएक्स २० सिरीज आली तेव्हा त्याची चेष्टा झाली, आणि ती रास्त होती. वापर करणारे गेम बोटांवर मोजण्याइतके, आणि चालू केलं की फ्रेम निम्म्यावर. डिसेंबर २०२४मध्ये ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आला, मे २०२५मध्ये ‘डूम: द डार्क एजेस’, आणि दोघांनाही हार्डवेअर रे ट्रेसिंग लागतंच. म्हणजे नवं तंत्र दिसल्यापासून ते सक्तीचं होईपर्यंत एकदा तीन वर्षं गेली, एकदा सहा. या मधल्या काळात जो थांबला तो शहाणा, कारण पहिल्या दिवशी घेणाऱ्याने सहा वर्षं न लागणाऱ्या गोष्टीचं भाडं भरलं. पण ही मुदत संपते. कार्डाचा वेग हळूहळू कमी पडतो, त्याच्याशी तडजोड करत आपण वर्षानुवर्षं काढू शकतो. दार मात्र एका दिवसात बंद होतं, आणि तो दिवस दुसराच कुणीतरी ठरवतो.

माझ्या १०६०चा दिवस ठरला आहे. एनव्हिडियाने या पिढीसाठीचे नियमित गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवायचं जाहीर केलं. पुढे ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. त्याच महिन्यात १४ तारखेला विंडोज १०चा आधारही संपला, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत सहाव्या पिढीचा आय-५ नाही. तोफही गेली आणि सांगाडाही, एकाच महिन्यात! वर त्या इंडियाना जोन्सच्या किमान गरजांत माझा प्रोसेसरही बसत नाही.

पैशाचा हिशोब आणखी वेगळा चालतो. २०२०मध्ये आरटीएक्स ३०८० जाहीर झालं ६९९ डॉलरला. करोना आणि इथेरियमच्या मायनिंगमुळे पुढच्या वर्षी भारतात ते लाखाच्या वर विकलं जात होतं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि तीच कार्डं सेकंडहँड बाजारात ढिगाने आली. कार्ड तेच, खेळ तेच, किंमत ठरवणारे लोक मात्र गेमर नव्हतेच.

विकायच्या किमतीबद्दल तर नगरचाच दाखला आहे. मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ साली नगरला ओतली गेली, निजामशाहीसाठी, मुहम्मद रूमी या तुर्की कारागिराच्या हातून. लांबी १४ फुटांच्या आसपास, वजन ५५ टनांच्या घरात. परांड्याच्या किल्ल्यावरून ती १६३२मध्ये विजापूरला गेली. १८५४मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी तिला निरुपयोगी सामानात काढून लिलाव पुकारला. सगळ्यात मोठी बोली आली १५० रुपयांची. इतक्या कमी किमतीत द्यायची नाही, आणि लोकांची तिच्यावर श्रद्धाही आहे, म्हणून विक्री रद्द झाली. ती अजून विजापूरच्या बुरुजावर आहे. माझं १०६० कुणी पूजेला मांडणार नाही, त्यामुळे त्याची किंमत घटत जाणार हे धरूनच चालतो.

एल-७चं आणखी एक सांगायचं राहिलं. ती फक्त सेंच्युरियनवर थांबली नाही. आवडीला बनलेल्या विजयंतावर हीच तोफ होती. जर्मन लेपर्डवर होती. भारतीय लष्कराने तर सोव्हिएत टी-५५ रणगाड्यांवरची १०० मिलिमीटरची तोफ काढून तिथेही १०५ मिलिमीटरची बसवली. रणगाडे बदलत गेले, तोफ एकावरून दुसऱ्यावर जात राहिली.

त्यामुळे मोटर आधी. ती भरून घ्यायची, कारण विहिरीचं पाणी अजून तेवढंच आहे. ते खाली गेलं तर जास्त अश्वशक्तीची घ्यावी लागेल, तेव्हा बघू. उरलेल्या पैशांत सेकंडहँड आरएक्स ६६००. रे ट्रेसिंग आहे, ८ जीबी आहे, त्या इंडियाना जोन्सच्या किमान यादीत त्याचं नाव आहे, १३२ वॉट खातं, आणि एएमडी त्याला ४५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा म्हणते. माझ्या जुन्या बोर्डात ते थोडं अडखळेल. पुढच्या वर्षी बोर्ड आणि प्रोसेसर बदलले की तेच कार्ड नव्यात लावायचं.

काल कॅबिनेट उघडून वायर तपासली. १०६०ला सहा पिना लागतात, ६६००ला आठ. एसएमपीएसच्या वायरला सहाच्या शेजारी दोन सुट्या पिना आहेत, आठ वर्षं तशाच लोंबत असलेल्या.