वॉलेसची नोंदवही

इ. स. १८६२ च्या आरंभी सिंगापूरहून मायदेशी निघालेला एक ब्रिटिश प्रवासी आठवडाभर मुंबईस उतरला होता. त्याच्याजवळ पिंजऱ्यात दोन जिवंत स्वर्गपक्षी होते. त्यांच्यासाठी केळ्यांचा ताजा साठा करून घेणे, हे त्या मुक्कामाचे एक प्रयोजन होते. आल्फ्रेड रसेल वॉलेस हे त्या प्रवाशाचे नाव. मलाया द्वीपसमूहात आठ वर्षे काढून तो परतत होता. ते पक्षी पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सुखरूप पोचले.

वॉलेस धनिक नव्हता. प्राणी टिपावेत, त्यांची कातडी व सांगाडे लंडनला विक्रीस पाठवावेत आणि त्या पैशावर पुढचे बेट गाठावे, असा त्याचा क्रम होता. सरकारी दप्तरे हाताळण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला त्याच्या हिशेबाचे मोठे कौतुक वाटते. सस्तन प्राणी ३१०, सरपटणारे १००, पक्षी ८,०५०, भुंगेरे ८३,२०० असे करीत एकूण नग १,२५,६६० भरतात! हा केवळ संचय नव्हता. या नमुन्यांतील सूक्ष्म भेद पाहता पाहताच त्याला नैसर्गिक निवडीचे तत्त्व उमगले. त्यावरील त्याचा निबंध डार्विनच्या लेखनासमवेत १ जुलै १८५८ रोजी लंडनमध्ये वाचला गेला. तेव्हा त्याच्या बंदुकीवर आज घरबसल्या ठपका ठेवणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. त्याचे मन मात्र त्याला अधूनमधून प्रश्न विचारीत होते, आणि ते प्रश्न त्याने लपवून ठेवले नाहीत.

१८५५ साली सारावाकच्या अरण्यात त्याने एक ओरांगउटान मादी मारली. जवळच चिखलात तिचे फूटभर लांबीचे पिलू पालथे पडलेले सापडले. वॉलेसने ते घरी आणले. त्या मुलखात दूध मिळेना, म्हणून बाटलीच्या बुचात पिसाची नळी खोवून तो त्याला भाताची पेज पाजू लागला. पिलाला केसांना घट्ट धरून राहण्याची सवय. म्हणून त्याने म्हशीच्या कातड्याची एक खोटी आई करून टांगली. पण ते बिचारे तिच्याशी दूध पिऊ लागे आणि तोंडात केस जाऊन गुदमरे. अखेर ती काढून टाकावी लागली. सुमारे तीन महिन्यांनी पिलू दगावले. वॉलेसला मनापासून दुःख झाले. त्याने त्याचे कातडे आणि सांगाडाही जपून ठेवला. ही दोन्ही विधाने त्याच्याच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत.

पुढे १८५७ साली न्यू गिनीजवळच्या आरू बेटांवर त्याच्या एका नोकराने लालभडक राजस्वर्गपक्षी टिपून आणला. आनंदाच्या त्या क्षणी वॉलेसच्या मनात आले की, हे सौंदर्य युगानुयुगे कोणी न पाहता या वनात जन्मले आणि मावळले. उद्या सुधारलेला मनुष्य येथे पोचला, तर ज्यांचे मोल जाणण्यास तोच समर्थ, त्यांचाच तो नाश करील. म्हणजे हे जीव केवळ मनुष्यासाठी निर्माण झालेले नाहीत!

त्याच वर्षाच्या अखेरीस तो अंबोनच्या बंदरात आला. होडीतून खाली पाहतो तो, नितळ पाण्याखाली समुद्राचा तळच दिसेना. सर्वत्र प्रवाळ, स्पंज आणि समुद्रफुले पसरलेली. मध्ये खडकांच्या टेकड्या आणि दऱ्या. त्यांतून निळे, तांबडे, पिवळे मासे फिरत आहेत आणि पृष्ठभागाशी नारिंगी व गुलाबी पारदर्शक जेलीमासे तरंगत आहेत. शंखशिंपले त्याने अन्यत्र पुष्कळ जमवले. पण हे दृश्य पेटीत भरण्याजोगे नव्हते. येथे बंदूक निरुपयोगी होती. तासन् तास पाहत राहावे, एवढेच त्याच्या हाती होते. त्याच्या हिशेबात या दृश्याचा एकही नग नाही; वर्णन मात्र त्याच्या उत्कृष्ट परिच्छेदांपैकी एक आहे.

त्या हिशेबात आणखी एकाला जागा नाही. सारावाकचा अली नावाचा मलायी तरुण त्याचा स्वयंपाकी म्हणून आला आणि पुढे कुशल शिकारी झाला. १८५८ साली बाचान बेटावर एक सर्वस्वी अज्ञात स्वर्गपक्षी अलीने आणून दिला. शास्त्रीय नामावलीत त्या पक्ष्याला नाव मिळाले ते वॉलेसचे. वॉलेसने आपल्या लेखनात अलीचे ऋण मान्य केले, हे त्याच्या मोठेपणास साजेसेच झाले.

बोर्निओचा ओरांगउटान २०१६ साली अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. तापत चाललेल्या समुद्रात ठिकठिकाणचे प्रवाळ पांढरे पडून मरत आहेत. आरूच्या वनातील शंका खरी ठरत आहे. नोंद ठेवणे हे आमचे काम आहेच. पण ज्याची नोंद करावयाची, ते नोंदीनंतरही शिल्लक राहिले पाहिजे. मुंबईहून केळी घेऊन जाणाऱ्या त्या प्रवाशाला ही गोष्ट, उशिरा का होईना, कळली होती असे मला वाटते.