निरीश्वरवाद आणि श्रद्धाप्रणाली

जगाचा निर्माता किंवा नियंता असा ईश्वर नाही, अथवा तो आहे असे मानायला पुरेसे कारण नाही, या भूमिकेला निरीश्वरवाद म्हणतात. ही भूमिका धर्मांसारखीच एक श्रद्धाप्रणाली आहे की केवळ श्रद्धेचा अभाव, हा प्रश्न तत्त्वज्ञान, धर्माभ्यास आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांत चर्चिला गेला आहे. त्याचे उत्तर ‘श्रद्धा’ आणि ‘प्रणाली’ हे शब्द कोणत्या अर्थाने घ्यायचे यावर बरेचसे अवलंबून असते. निरीश्वरवादाचे काही प्रकार ‘मत’ या अर्थाने श्रद्धेत मोडतात. ईश्वराचा नकार हे एकटे विधान मात्र प्रणाली ठरत नाही. ते अनेक प्रणालींचा एक घटक असू शकते.

संज्ञा : मराठीत ‘नास्तिक’ आणि ‘निरीश्वरवादी’ हे शब्द आज समानार्थी वापरले जातात, त्यांचा उगम मात्र वेगळा आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात ‘आस्तिक’ व ‘नास्तिक’ हे शब्द ‘मती’च्या संदर्भात सिद्ध केले आहेत : ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. काय ‘नाही’, हे सूत्र सांगत नाही. काशिकेसारख्या टीकेने तेथे परलोक हा विषय घेतला. मनुस्मृतीने वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवले आणि पुढे दर्शनांची विभागणी वेदप्रामाण्यावरून रूढ झाली. त्यामुळे ईश्वराची गरज न मानणारे सांख्य आणि पूर्वमीमांसा आस्तिक, तर बौद्ध, जैन व चार्वाक नास्तिक गणले गेले. आ. ह. साळुंखे यांनी आपल्या ग्रंथाला ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ हे नाव देऊन हीच रूढ विभागणी उलटी केली आहे. युरोपीय भाषांतील समानार्थी शब्द ग्रीकमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘देवाविना असलेला’ असा आहे. म्हणजे पाणिनीच्या व्युत्पत्तीत नास्तिकाजवळ एक मत असते, तर ग्रीक शब्दात एक उणीव सूचित होते. आजच्या वादातील दोन्ही बाजू या दोन शब्दांतच दडलेल्या आहेत.

नकाराचे दोन प्रकार : संस्कृत व्याकरण आणि मीमांसा या शास्त्रांनी निषेधाचे दोन प्रकार मानले आहेत. ‘अमराठी माणूस’ म्हटले की दुसरी कोणती तरी भाषा बोलणारा माणूस सुचतो. नकारातून दुसऱ्या वस्तूचे विधान करणारा हा पर्युदास. ‘आज पाऊस पडला नाही’ या वाक्यात नकारापलीकडे काहीच सुचवलेले नसते, हा प्रसज्यप्रतिषेध. निरीश्वरवादालाही हा भेद लावता येतो. ‘ईश्वर आहे, असे मी मानत नाही’ एवढेच म्हणणारा केवळ निषेध करतो. ‘ईश्वर नाही, असे मी मानतो’ म्हणणारा जगाविषयी एक विधान करतो, आणि विधान म्हटले की ते खरे किंवा खोटे असू शकते. ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यू यांनी १९७२ मधील एका निबंधात या दोन भूमिकांना नकारात्मक व भावात्मक निरीश्वरवाद असे वेगळे केले. दोन्हींच्या शेजारी अज्ञेयवाद येतो. ही संज्ञा टी. एच. हक्सली यांनी १८६९ मध्ये घडवली. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी ज्ञानाचा दावा करता येत नाही, असा तिचा रोख आहे. ज्ञान आणि मत या वेगळ्या गोष्टी असल्याने एकच व्यक्ती अज्ञेयवादी आणि नकारात्मक निरीश्वरवादी अशी दोन्ही असू शकते.

श्रद्धा आणि मत : मराठीत समजूत, मत, विश्वास आणि श्रद्धा अशा पायऱ्या आहेत. ‘पृथ्वीला एकच नैसर्गिक चंद्र आहे’ हे मत आहे. त्याला कोणी श्रद्धा म्हणत नाही. श्रद्धेत समर्पण, आदर व भरवसा यांचा अंश असतो आणि प्रतिकूल पुरावा आला तरी ती टिकून राहू शकते. भावात्मक निरीश्वरवाद हे मत आहे, यात वाद नाही. ते श्रद्धा आहे काय, हे ते कोणत्या आधारावर व किती लवचिकपणे धरले जाते यावर ठरते. पुरावा पुढे आल्यास मत बदलण्याची तयारी असलेला निरीश्वरवादी श्रद्धेच्या कक्षेबाहेर राहतो. कोणत्याही पुराव्याचा विचार न करणारा निरीश्वरवादी तिच्या जवळ जातो.

प्रणालीचे निकष : प्रणालीत अनेक मते परस्परांना आधार देतात आणि त्यांतून जगाचे स्वरूप, माणसाचे स्थान आणि आचरणाचा मार्ग यांविषयी उत्तरे मिळतात. धर्माभ्यासक निनियन स्मार्ट यांनी धर्माची सात अंगे सांगितली आहेत : विधी, पुराकथा, अनुभव, सिद्धांत, नीती, सामाजिक संघटन आणि वास्तू-वस्तू. ईश्वराच्या नकारातून यांपैकी कोणतेही अंग आपोआप निघत नाही. दोन निरीश्वरवाद्यांमध्ये एक मार्क्सवादी आणि दुसरा खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता असू शकतो. एक मृत्यूनंतर काहीच उरत नाही असे मानेल, दुसरा पुनर्जन्म मानेल. याच कारणाने ईश्वरवाद हाही एकटा प्रणाली नाही; वारकरी संप्रदाय, इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्म या प्रणाली आहेत आणि ईश्वरवाद त्यांचा पाया आहे. तुलना करायची तर निरीश्वरवादाची ईश्वरवादाशी आणि निरीश्वर दर्शनांची धर्मांशी करावी लागते. वादातील बराच गोंधळ या दोन पातळ्या एकत्र केल्याने होतो.

निरीश्वर प्रणाली : भारतीय परंपरेत अशा प्रणालींची उदाहरणे विपुल आहेत. जैन दर्शन जगाचा कर्ता नाकारते. तरी त्यात व्रते, तीर्थंकर, मंदिरे, कर्मसिद्धांत व मोक्षमार्ग आहेत. बौद्ध धम्मात सृष्टिकर्त्या ईश्वराला स्थान नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा लाखो मराठी भाषक ईश्वररहित पण पूर्ण अर्थाने धार्मिक असलेल्या परंपरेत आले. पूर्वमीमांसेत यज्ञकर्म केंद्रस्थानी आहे, पण कुमारिल भट्टाने श्लोकवार्तिकात जगत्कर्त्याच्या कल्पनेवर सविस्तर आक्षेप घेतले आहेत. चार्वाक किंवा लोकायत दर्शनात प्रत्यक्ष हे प्रमाण, चार महाभूतांपासून चैतन्याची उत्पत्ती आणि परलोकाचा अभाव ही मते एकमेकांत गुंफलेली आहेत. माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहात पहिले प्रकरण याच दर्शनाचे आहे. या सर्व प्रणाली आहेत, पण त्यांना प्रणालीपण देणारे घटक वेगवेगळे आहेत. ईश्वराचा नकार त्यांच्यात समान असूनही त्या एकमेकींच्या कट्टर प्रतिपक्षी राहिल्या.

अभावाचा पुरावा : ‘नाही’ हे कशावरून कळते, हाही या वादाचा भाग आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले : टेबलावर घडा असता तर दिसला असता, तो दिसत नाही, म्हणून नाही. येथे अट अशी की वस्तू दिसण्याजोगी असली पाहिजे. दहाव्या शतकातील नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याच अटीचा आधार घेतला. ईश्वर इंद्रियगम्य नसल्याने तो न दिसणे हा त्याच्या अभावाचा पुरावा होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. याला पुढच्या काळातील उत्तर बर्ट्रंड रसेल यांच्या १९५२ मधील चहाच्या किटलीच्या दृष्टांतात मिळते. पृथ्वी आणि मंगळ यांच्या दरम्यान दुर्बिणीलाही न दिसणारी किटली सूर्याभोवती फिरते, असे कोणी म्हटले, तर ते खोडून काढण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येत नाही. पुराव्याची जबाबदारी विधान करणाऱ्यावर असते, हा फ्ल्यू यांचाही मुद्दा होता. हा युक्तिवाद नकारात्मक निरीश्वरवादाला पुरतो. भावात्मक निरीश्वरवाद्याला जगातील दुःख, ईश्वरकल्पनेतील विसंगती अशी स्वतंत्र कारणे द्यावी लागतात.

श्रद्धाप्रणाली मानणाऱ्यांचे आक्षेप : निरीश्वरवाद ही श्रद्धाप्रणालीच आहे, असे म्हणणाऱ्यांचे मुख्य मुद्दे तीन आहेत. पहिला, केवळ नकार अशी भूमिका व्यवहारात टिकत नाही. न्यायदर्शनात स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष खोडणाऱ्या वादचर्चेला वितंडा म्हणतात. भाष्यकार वात्स्यायनाने वैतंडिकालाही काही तरी मान्य करावेच लागते, असे दाखवले आहे. याच्या विरुद्ध टोकाला जयराशी भट्टाचा तत्त्वोपप्लवसिंह हा ग्रंथ आहे. लोकायतांशी जोडल्या जाणाऱ्या या ग्रंथात सर्वच प्रमाणांचे खंडन आहे आणि त्यांच्या जागी कोणताही सिद्धांत उभा केलेला नाही. दुसरा मुद्दा असा की निरीश्वरवादी सहसा निसर्गवाद, विज्ञाननिष्ठा व मानवतावाद यांचाही स्वीकार करतात. हे निरीक्षण बरोबर आहे. मात्र त्यातून मानवतावाद ही प्रणाली असल्याचे सिद्ध होते, निरीश्वरवाद ही प्रणाली असल्याचे नव्हे. तिसरा मुद्दा इतिहासाचा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये विवेकाचा उत्सव झाला. ऑग्यूस्त काँत यांनी मानवतेच्या धर्मासाठी स्वतंत्र दिनदर्शिका केली. अल्बानियाने १९६७ मध्ये स्वतःला निरीश्वरवादी राष्ट्र घोषित करून सर्व धर्मांवर बंदी घातली. या उदाहरणांत विधी, संघटन आणि सक्ती ही धर्मसंस्थेशी जोडली जाणारी लक्षणे दिसतात. तथापि त्यांचा उगम क्रांतिवाद, काँत यांचा प्रत्यक्षार्थवाद आणि साम्यवादी राजवट यांत आहे.

संघटित रूप भारतातही आढळते. गोपराजू रामचंद्र राव उर्फ गोरा यांनी १९४० मध्ये आंध्रातील मुदुनूर येथे नास्तिक केंद्र स्थापले. हे केंद्र १९४७ मध्ये विजयवाड्यास आले. सहभोजने, आंतरजातीय विवाह व अंधश्रद्धाविरोध हे त्याचे कार्यक्रम होते. गोरा आपल्या विचाराला भावात्मक जीवनदृष्टी मानत. त्यांच्यापुरते पाहता निरीश्वरवाद ही प्रणाली झाली होती, असे म्हणता येते.

महाराष्ट्रातील चर्चा : महाराष्ट्रात धर्मचिकित्सा आणि निरीश्वरवाद हे वेगळे प्रवाह राहिले आहेत. जोतीराव फुले यांनी पुरोहितशाहीवर प्रखर टीका केली, पण ‘निर्मिक’ मानला. १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करणारे गोपाळ गणेश आगरकर मिल व स्पेन्सर यांच्या प्रभावाने अज्ञेयवादाकडे झुकले. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात बुद्धिप्रामाण्यवाद मांडला, तर लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ‘जडवाद’ या पुस्तकात भौतिकवादाची तात्त्विक बाजू स्पष्ट केली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (स्थापना १९८९) देव-धर्माविषयी तटस्थ राहून शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध करण्याचे धोरण ठेवले. नरेंद्र दाभोलकर आणि श्रीराम लागू यांच्या जाहीर वादसंवादांत हा भेद श्रोत्यांपुढे येई : लागू ईश्वरकल्पनाच नाकारत, दाभोलकर समितीची भूमिका मांडत. एकाच चळवळीत आस्तिक आणि नास्तिक काम करू शकतात, कारण चळवळीचा कार्यक्रम विवेकवादातून येतो, ईश्वरविषयक उत्तरातून नव्हे.

कायदा : कायदा तात्त्विक व्याख्या करत नाही, संरक्षण कोणाला द्यायचे एवढेच ठरवतो. निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आले, पण शपथेच्या वादामुळे त्यांना १८८६ पर्यंत आसन मिळाले नाही. १८८८ च्या कायद्याने ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याची मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला उपस्थित होते. अमेरिकेतील एका संघीय अपील न्यायालयाने २००५ मध्ये विस्कॉन्सिनमधील एका कैद्याच्या प्रकरणात, घटनात्मक संरक्षणापुरता निरीश्वरवाद धर्मासमान धरला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९३ मध्ये ईश्वरवादी, अनीश्वरवादी व निरीश्वरवादी अशा सर्व मतांना आणि कोणतेही मत न स्वीकारण्याच्या हक्कालाही समान संरक्षण असल्याचे स्पष्ट केले.

भारतात १८७२ च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही प्रमुख धर्माचे नाही, असे जाहीर करावे लागे. १९५४ च्या कायद्याने ही अट उरली नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे आणि तिसऱ्या अनुसूचीत ईश्वराच्या नावे शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन असे दोन पर्याय आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा अधिकार या स्वातंत्र्यात येतो आणि शासन धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही, असा निर्णय दिला. व्यक्तिगत कायद्यात मात्र स्थिती वेगळी आहे : हिंदू कुटुंबात जन्मलेला निरीश्वरवादी विवाह व वारसा यांबाबत सामान्यतः हिंदू कायद्याखालीच येतो. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ३३ हजार व्यक्तींनी आपली नोंद नास्तिक अशी केली. ‘धर्म नमूद नाही’ या गटात सुमारे २८.७ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ०.२४ टक्के व्यक्ती होत्या.